हुकमातला ‘जर’

१९६२ च्या चीन युद्धाचा विषय निघाला की मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. वाक्य खोटं नाही. फक्त हा सह्याद्री, म्हणजे यशवंतराव चव्हाण, दिल्लीत पोचला तोवर वाचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. नेफातली, म्हणजे आजच्या अरुणाचलातली, भारतीय फळी त्याआधीच्या अडीच-तीन दिवसांत मोडली होती. ती चिन्यांनी मोडली हे खरं, पण निम्मं काम आपल्याच टेलिफोनांनी केलं होतं.

मागचं थोडक्यात सांगतो. १२ ऑक्टोबरला सिलोनला निघताना पंतप्रधान नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं होतं की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना लष्कराला दिल्या आहेत, तारीख लष्कर ठरवेल. तारीख ठरवली चीनने. २० ऑक्टोबरला नामका चू ओढ्याकाठची सातवी ब्रिगेड उधळली गेली, तिचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी कैद झाले, आठवड्याच्या आत तवांग गेलं. कृष्ण मेनन यांचं संरक्षण खातं काढून घेण्यात आलं. मग जवळपास तीन आठवडे आघाडी शांत होती. त्या काळात चिन्यांनी बुमला ते तवांग रस्ता बांधून काढला. आपण सेला खिंडीवर पाचेक पलटणी चढवल्या आणि सेला पडणार नाही, असं एकमेकांना सांगत राहिलो.

१७ नोव्हेंबर, पहाटेपासून दुपारपर्यंत. नुरानांग.

सेला सुमारे १३,७०० फुटांवर. तिच्या अलीकडे, तवांगच्या बाजूला, नुरानांगपाशी चौथी गढवाल रायफल्स. चिन्यांनी दिवसभर हल्ल्यावर हल्ला केला आणि दर वेळी त्यांना मागे जावं लागलं. पलटणीचे जवान जसवंतसिंग रावत इथेच पडले. पलटणीला पुढे ‘नुरानांग’ हा युद्धसन्मान मिळाला. सेलावरचे ब्रिगेडियर होशियार सिंग यांचं म्हणणं साधं होतं : आम्ही धरून आहोत. खिंडीवर तोफा होत्या, खंदक होते, माणसं होती.

त्या दिवशी नेफात सर्वात भक्कम जागा हीच होती. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

दुपार. थेंबांग.

सेला ते बोमडिला हा एकच रस्ता आपल्या नकाशावर होता. पण डोंगराच्या आडून, सेलाला वळसा घालून उतरणारी एक पायवाटही होती. बेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती १९१३ मध्ये पायी पार केली होती आणि तेव्हापासून तिला बेली ट्रेल म्हणत. पन्नास वर्षांची जुनी, नाव असलेली वाट. तिच्यावरून मोठी फौज येऊ शकत नाही, असं वरच्या लोकांचं मत होतं. फौज आली. ती अडवायला बोमडिलाहून पाचवी गार्ड्स ही पलटण थेंबांगला पाठवली होती. तिने तासन्‌तास झुंज दिली, गोळ्या संपल्या, संध्याकाळपर्यंत पलटण विखुरली. दिरांग-बोमडिला रस्ता आता चिन्यांच्या हाताशी होता.

संध्याकाळ. दिरांग झोंग आणि तेजपूर.

चौथ्या डिव्हिजनचे मेजर जनरल पठानिया सेलाच्या मागे खालच्या दरीत, दिरांग झोंगला बसले होते. रस्ता तुटल्याची बातमी येताच त्यांना सेला सोडायची घाई झाली. होशियार सिंगांना ती नव्हती. पठानियांनी तेजपूरच्या कोअर मुख्यालयाला फोन लावला : ब्रिगेड मागे घेण्याची परवानगी द्या.

तेजपुरात त्या संध्याकाळी लष्करप्रमुख जनरल थापर होते. पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सेन होते. लष्करी कारवायांचे संचालक ब्रिगेडियर पालित होते. नव्हते ते फक्त कोअर कमांडर बी. एम. कौल. ते दुसऱ्या टोकाला, वालाँगकडे गेले होते. वालाँग आदल्याच दिवशी हातचं गेलं होतं. आता गंमत पाहा. देशाचा सरसेनापती खोलीत हजर, त्याच्या खालचा सेनापती हजर, फोनवर डिव्हिजनचा माणूस विचारतोय राहू की जाऊ, आणि उत्तर काय, तर कौलसाहेब येऊ देत.

कौल म्हणजे नेहरू आणि मेनन यांच्या मर्जीतला माणूस. प्रत्यक्ष लढाईत पायदळ हाताळल्याचा अनुभव नावापुरताही नाही. ऑक्टोबरात आजारी पडल्यावर काही दिवस त्यांनी दिल्लीतल्या घरी अंथरुणातून कोअर चालवली होती. मधल्या काळात हरबक्षसिंगांना आणलं आणि पाच दिवसांत परत पाठवलं, कारण कौलांना बरं वाटलं. अशा माणसाच्या वाटेकडे सरसेनापतीने डोळे लावून बसावं, यातच त्या वर्षीचं दिल्लीचं दरबारी राजकारण आलं.

साडेसातच्या सुमारास आणि नंतर.

कौल परतले. पठानियांचा आग्रह ऐकून त्यांनी आधी माघारीला मान्यता दिली. जवळच्यांनी समजावल्यावर ती फिरवली. शेवटी रात्री जो हुकूम गेला त्याचा मथितार्थ असा : जमेल तोवर जागा धरा, जागा टिकणं अशक्य झालं तर मागे यायचा अधिकार तुम्हाला दिला आहे.

हुकूम वाचायला समंजस वाटतो. सरकारी कचेरीत ज्याने नोकरी केली आहे त्याला त्याची जात लगेच कळेल. जागा टिकली तर वरच्यांनी ‘धरा’ म्हटलं होतं, गेली तर खालच्याला ‘अधिकार दिला होता’. कागद दोन्ही बाजूंनी सुरक्षित. धोक्यात होती ती फक्त खिंडीवरची माणसं. आणि पठानियांना तो ‘जर’ पुरेसा होता.

१७-१८ नोव्हेंबरची रात्र. सेला.

होशियार सिंगांना मागे या असं सांगण्यात आलं. पुढची फळी रात्री हलू लागली. जमवून ठेवलेल्या जागेतून अंधारात, बर्फात, शत्रू अंगावर असताना माघार घेणं हे सैन्यातलं सर्वात अवघड काम. एक पलटण मागे सरकताना दुसरीला दिसली, दुसरीला वाटलं सगळेच निघाले, आणि चिनी मोकळ्या खंदकांत शिरून गोळीबार करू लागले. दिवसा नुरानांगला ज्यांनी हल्ले परतवले तेच जवान पहाटे रस्त्याने खाली येत होते. सेला लढून पडलीच नाही. होशियार सिंग माघारीत दबा धरून बसलेल्या चिन्यांच्या गोळ्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस मारले गेले. तोवर युद्धबंदी झाली होती.

१८ नोव्हेंबर, सकाळ. दिरांग.

वरून ब्रिगेड खाली येत असतानाच डिव्हिजनचं मुख्यालय उठलं. पठानियांनी दिरांग सोडलं आणि मैदानाचा रस्ता धरला. दरीत पायदळ होतं, हलके रणगाडे होते, तोफा होत्या. त्यांना सांगितलं गेलं, आपापली वाट काढा. सेलाहून उतरणाऱ्या ब्रिगेडला खाली कोणीच भेटलं नाही.

अकराच्या सुमारास. बोमडिला.

या साऱ्या प्रकरणातला माझ्या लेखी सर्वात जिव्हारी लागणारा पाऊण तास हा. अठ्ठेचाळिसाव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर गुरबक्ष सिंग यांच्याकडे माणसं आधीच तुटपुंजी. थेंबांगला गेलेली पलटण परत आलेली नाही. उरलेल्यांनी कसाबसा गावाभोवती कोट धरलेला. तेजपूरहून कौलांचा फोन : दिरांगच्या मदतीला ताबडतोब तुकडी पाठवा. गुरबक्ष सिंगांनी सांगून पाहिलं की तुकडी काढली तर बोमडिलाचा बचाव उघडा पडतो. उत्तर आलं, हुकूम आहे.

दोन कंपन्या, काही रणगाडे आणि तोफा रस्त्याला लागल्या. ज्या खंदकांतून त्या उठल्या तिथे कारकून, स्वयंपाकी, मिळेल तो माणूस बसवायची धावपळ सुरू झाली. तेही पोचले नाहीत. तुकडी निघून काही मिनिटांतच चिन्यांनी नेमक्या त्या रिकाम्या जागांवर हल्ला केला. बाहेर पडलेली तुकडी परत वळली, तोवर खंदकांत दुसरेच होते. आणि ज्या दिरांगसाठी हे केलं ते दिरांग सकाळीच सोडलेलं होतं. कौलांना ते ठाऊक नव्हतं. चारच्या सुमारास बोमडिलाही सोडावं लागलं.

रात्रभर मग उरलेल्या ब्रिगेडला उलटसुलट हुकूम जात राहिले. थांबा, मागे या, रुपा धरा, चाकूला जा. २० तारखेच्या पहाटे चाकूची फळीही गेली. त्यानंतर नेफाच्या या भागात संघटित भारतीय फौज नव्हती.

१९ नोव्हेंबर. दिल्ली.

नेहरूंनी संसदेत नेफातल्या पराभवाची बातमी सांगितली. त्याच दिवशी त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना एकामागोमाग दोन पत्रं लिहिली. मागणी होती स्वनातीत लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या आणि बी-४७ बाँबफेकी विमानांच्या दोन. मंत्रिमंडळाला या पत्रांची कल्पना नव्हती. स्वतःचं वायुदल महिनाभर हल्ल्यासाठी एकदाही वापरलं नव्हतं, कारण चीन कोलकात्यावर बाँब टाकेल ही भीती. म्हणजे आपली विमानं जमिनीवर, आणि लेखणी अमेरिकेची विमानं मागत होती. थापरांनी राजीनामा पुढे केला, जनरल चौधुरी आले.

बोमडिला गेल्यानंतर नेहरू आकाशवाणीवरून बोलले. आसामच्या जनतेसाठी आपलं काळीज तुटतं, असं त्यात होतं. दिल्लीत तो सहानुभूतीचा उद्गार असेल. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात लोकांनी तो निरोप समजून ऐकला आणि आसाम ते आजही विसरलेला नाही.

१९-२० नोव्हेंबर. तेजपूर.

कोअरचं मुख्यालय गुवाहाटीकडे हललं. फौजेच्या जीपा दक्षिणेला वळलेल्या पाहून शहराला सांगायचं काही उरलं नाही. नदीवर पूल नव्हता, तो १९८७ मध्ये झाला. भोमोरागुडीच्या घाटावर होड्या आणि तरीसाठी झुंबड. जिल्ह्याचा सर्वोच्च अधिकारीच निघून गेला. तुरुंगाचे दरवाजे उघडले. मनोरुग्णालयाचेही. एरवी गजबजलेल्या त्या शहरात काही तास रस्त्यावर फिरणारे लोक म्हणजे थोडे पत्रकार आणि रुग्णालयातून सुटलेले रुग्ण.

स्टेट बँकेत नोटा जाळल्या. नाणी जळत नाहीत, म्हणून ती तळ्यात टाकली. हिशेबाची ही तत्परता मला नेहमी थक्क करते. पैसा शत्रूच्या हाती पडू नये याचा विचार कुणीतरी केला होता. वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांनी उघड्या दारातून बाहेर पडून जायचं कुठे, याचा केलेला नव्हता. चिनी सैन्य तेजपुरात आलंच नाही.

तोच दिवस, १९ नोव्हेंबर. माकुम.

तेजपूरहून वर, तिनसुकियाजवळ माकुम नावाचं गाव. तिथे चिनी वंशाच्या लोकांची वस्ती होती. इंग्रजांनी चहाच्या मळ्यांसाठी १८३० च्या दशकापासून आणलेल्या मजुरांची नातवंडं-पणतवंडं. सुतार, दुकानदार, मळ्यांतले मिस्त्री. घरात आसामी, हिंदी बोलणारे, अनेकांच्या आया आसामी. त्या दिवशी पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. सोबत थोडेफार कपडे, थोडे पैसे. काही दिवसांत परत याल, असं सांगून. आजोबा किंवा आजी चिनी असली तरी परकीय ठरवता येईल, अशी कायद्याची सोय त्याच हंगामात करून घेतली होती.

इथे यंत्रणेच्या हातात काही कमी पडलं नाही. याद्या तयार होत्या, पोलीस हजर होते, गाड्या होत्या. ज्या राज्यात एक जिल्हाधिकारी आपली खुर्ची दोन दिवस धरू शकला नाही, तिथे सुताराचं पोर नेमकं सापडलं. त्याला पकडायला कोणाच्या हुकमात ‘जर’ लागला नाही.

२० आणि २१ नोव्हेंबर. मुंबई, पेकिंग, दिल्ली.

२० तारखेला मुंबईत मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. त्यांच्याआधी मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि २१ ला संरक्षण खातं त्यांच्याकडे आलं. त्याच दिवसाच्या पहाटेआधी पेकिंगने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती : मध्यरात्रीपासून गोळीबार बंद, १ डिसेंबरपासून माघार. म्हणजे यशवंतराव आले ते युद्ध लढायला नव्हे, आवरायला. महिन्याभरातले १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता, जवळपास चार हजार कैदी, हा हिशेब त्यांच्या टेबलावर आला.

त्यांनी आवरलं, हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. सैन्य उभं केलं, पैसा आणला, मंत्री आणि सेनापती यांच्यात पुन्हा बोलणं सुरू केलं. पराभवाच्या चौकशीसाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना बसवलं होतं. त्यांचा अहवाल आला, तेव्हा २ सप्टेंबर १९६३ ला संसदेत यशवंतरावांनी त्याचा सारांश तेवढा सांगितला : प्रशिक्षण, सामग्री, हुकमतीची पद्धत, कमांडरांची कुवत. अहवाल मात्र उघड केला नाही. राजकीय नेतृत्वाची आणि दिल्लीतल्या मुख्यालयाची चौकशी तर त्या समितीच्या कक्षेतच नव्हती. पुढे २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेला सांगितलं की मजकूर अजून संवेदनशील आहे. २०१४ मध्ये मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा एक भाग सगळ्यांपुढे टाकला, तरी सरकारदरबारी अहवाल गुप्तच. सह्याद्रीचं कौतुक करताना हे कुलूपही त्याच्याच हातून लागलं, हे आपण सहसा बोलत नाही.

नोव्हेंबरचा शेवट. रेल्वे.

माकुमच्या माणसांना आधी आसामातल्या तुरुंगांत ठेवलं, मग आगगाडीत बसवलं. गाडी राजस्थानात देवलीला जाणार होती, जिथे दुसऱ्या महायुद्धात कैद्यांसाठी वापरलेल्या बराकी होत्या. प्रवास सात दिवसांचा. देशाच्या निरनिराळ्या भागांतून अशी सुमारे तीन हजार माणसं तिथे गेली, काही चार-पाच वर्षं राहिली, मागे त्यांची घरं-दुकानं शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेली. माकुमचे लोक देवलीच्या फाटकातून आत गेले तेव्हा गोळीबार थांबून दिवस उलटले होते आणि तेजपूरचे लोक तरीतून आपापल्या घरी परतत होते.