अललडुर्र ते अंधारातली हाक

गेल्या दिवाळीत वाशीमच्या आमच्या जुन्या घरी सगळी मंडळी जमली होती. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे फिरली, आणि पोरांच्या फटाक्यांचा दारूगोळा संपून जरा शांतता झाली, तेव्हा माझा भाचा हातात आपला मोबाइल घेऊन ओसरीवर आला. हा मुलगा पुण्यास शिकतो आणि सुटीत आजोळी येतो. यंदा त्याने दसऱ्याच्या सुटीत चार मित्र जमवून बारा मिनिटांचा एक भयपट चित्रित केला होता. गोष्ट साधीच. संध्याकाळी शेतातून घरी निघालेला एक मुलगा वाट चुकतो आणि त्याच्या मागून कोणीतरी येत राहते.

"मामा, आवाज अजून टाकले नाहीत. नुसतं चित्र पाहा," तो म्हणाला.

आम्ही पाहिले आणि, खोटे कशाला बोलावे, आम्ही हसलो. भूत म्हणून घोंगडी पांघरलेला शेजारचा मुलगा सर्वांनी ओळखला. घरचा गडी तर म्हणाला, "राजेहो, याले पाहून तं आमची म्हैसबी नाही बुजणार. भेव कुठी हाये याच्यात?"

भाच्याचे तोंड उतरले. मी त्याला म्हटले, "अरे, तुझे भूत अजून मुके आहे. मुक्या भुताला कोण भिणार?" हे मी सहज बोलून गेलो खरा, पण पुढले पंधरा दिवस त्या भुताला वाचा फोडण्याच्या कामी मलाच जुंपून घ्यावे लागले. त्या निमित्ताने या विद्येचा जो इतिहास चाळला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या मराठी रंगभूमीचा जन्मच मुळी आरोळीने झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सन 1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या परंपरेतल्या पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश हा मोठाच समारंभ असे. मशालीवर राळ उडून भडका होई आणि 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकून राक्षस रंगणात उडी घेई. पुढे पुढे या नाटकांना लोक 'अललडुर्र नाटके' असेच म्हणू लागले. कथा रामायणाची, गाणी सूत्रधाराची, पण नाव मात्र मिळाले ते राक्षसाच्या आवाजावरून! लोकांच्या कानात काय उरले होते, हे यावरून कळते.

साहेबाच्या देशातही हाच प्रकार होता. सन 1709 मध्ये जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेची एक नवी युक्ती काढली. नाटक पडले आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका नाटकात तीच गर्जना त्याच्या कानी पडली. बिचारा ओरडला की, माझे नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात! नाटक विस्मरणात गेले आणि गडगडाट तेवढा उरला.

मग चित्रपट आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईस लोकांपुढे आला, तो मुका. त्या काळी पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन वादक बसत आणि चित्राच्या रंगाप्रमाणे वाजवीत. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकला. आज या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही. काही छायाचित्रे तेवढी राहिली आहेत. म्हणजे जो चित्रपट बोलला म्हणून इतिहासात गेला, तोच आज पूर्ण मुका झाला आहे. पुढल्याच वर्षी, 1932 मध्ये, 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' काढला. तो मात्र सुदैवाने टिकला. त्या कंपनीत ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. यंत्रे उघडून, समजून घेऊन, हाताने विद्या मिळवणारा हा माणूस होता. 1933 मध्ये 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्यास आली. तिच्याच आवारात 1960 पासून चित्रपटशिक्षणाची संस्था उभी आहे आणि तेथे ध्वनी हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात.

बोलपटाबरोबर एक नवी अडचण आली. यंत्र माणसाचे बोलणे टिपी, पण पावले, दारे, कपड्यांची सळसळ हे सारे नीट येईना. तेव्हा अमेरिकेत जॅक फॉली नावाच्या माणसाने 1929 च्या सुमारास एक तोड काढली. चित्र पडद्यावर चालू ठेवायचे आणि त्याकडे पाहत पाहत, तालात, ते आवाज हाताने आणि पायाने पुन्हा करायचे. आजही जगभर या कामाला त्याच्याच नावाने ओळखतात.

या विद्येचे पहिले सूत्र असे की, खऱ्याचा आवाज खरा वाटत नाही. 1933 च्या 'किंग काँग'मध्ये त्या अजस्र वानराची डरकाळी हवी होती. तसे वानर कोठून आणणार? मरे स्पिव्हॅक या ध्वनिकाराने सिंहाच्या व वाघाच्या गर्जना टिपल्या, त्यांची गती कमी केली, त्यांतली एक उलटी चालवली आणि दोन्ही एकमेकींत मिसळल्या. हिचकॉकच्या 'सायको'त, 1960 मध्ये, सुरीचे जे वार ऐकून लोकांनी खुर्च्या घट्ट धरल्या, ते वार खरबुजाच्या जातीच्या एका फळावर केलेले होते. 1973 च्या 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये त्या मुलीची मान गर्रकन मागे फिरते, तेव्हाची हाडांची करकर म्हणजे मायक्रोफोनजवळ पिळलेले एक जुने, चिरा पडलेले चामड्याचे पाकीट. खरबूज आणि पाकीट! पण अंधारात बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

दुसरे सूत्र याहून खोल आहे. जे दिसत नाही त्याचा आवाज अधिक भिववतो. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. शिवाय डोळ्याला समोरचेच दिसते, कानाला पाठीमागचेही ऐकू येते. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे. मागे पावले वाजतात, मग वाजेनाशी होतात. श्वापद झेप घेणार असे वाटते आणि त्याच क्षणी फिस्स् करून येते ती एक बस! लोक किंचाळले ते बसला पाहून. पुढे कित्येक दिग्दर्शकांनी ही युक्ती वापरली.

आपल्याकडे 1949 च्या 'महल'मध्ये याच सूत्राचा फार सुंदर उपयोग झाला. ओसाड हवेली, रात्र, आणि दुरून जवळ येणारे गाणे. संगीत खेमचंद प्रकाश यांचे आणि गळा लता मंगेशकरांचा. आवाज लांबून येतो आहे असे भासवण्याची आजच्यासारखी साधने त्या वेळी नव्हती. म्हणून लताबाईंनी मायक्रोफोनपासून दूर, खोलीच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या पावलापावलाने जवळ आल्या. ते अंतर खरेच चाललेले आहे, म्हणून ते खरे वाटते.

तिसरे सूत्र शांततेचे. शांतारामबापूंच्या 'कुंकू'मध्ये, 1937 साली, पार्श्वसंगीताला चक्क फाटा दिला होता. प्रसंगात जे वाजेल तेवढेच ऐकवायचे. 'कुंकू' हा काही भयपट नव्हे, पण म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या त्या तरुण मुलीभोवतीची शांतता ऐकून जीव दडपतो. अलीकडे, 2018 मध्ये, राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने भयाचा एक वेगळाच रंग दाखवला. तो म्हणजे संततधार पाऊस, ओल, आणि वाड्याच्या पोटातला कोंदट घोगरेपणा. त्याच्या ध्वनिरचनेबद्दल कुणाल शर्मा यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले.

एवढे पांडित्य झाल्यावर मामा-भाचे कामाला लागलो. हाड मोडण्यासाठी वाळलेल्या तुऱ्हाट्या ओल्या फडक्यात गुंडाळून मोडल्या. चिखलातल्या पावलांसाठी आईने भिजवलेली कणीक पळवली आणि बोलणी खाल्ली. देवघराच्या दाराची बिजागरी कित्येक वर्षे कुरकुरत होती, तिला तेल देण्याचे नेमके राहून गेले होते. तो आळस कामी आला. पण खरा ठेवा मिळाला शेतात. शिवारातली सोयाबीन बहुतेक निघाली होती, फक्त उशिरा पेरलेला एक तुकडा उभा होता. वाळलेल्या शेंगांत दाणे सुटे झाले की वारा येताच सगळे रान खुळखुळते. रात्री आठ वाजता त्या धुऱ्यावर आम्ही दोघे श्वास रोखून बसलो. वारा आला, खुळखुळ दुरून उठली, जवळ आली, आणि पायांपाशी येऊन थांबली. मी पन्नाशी उलटलेला माणूस, पण मागे वळून पाहिल्यावाचून राहवले नाही!

काही आवाज मात्र मिळाले नाहीत. त्याला मोटेच्या चाकाची कुई हवी होती. मोटा केव्हाच गेल्या. कारंज्यावरून जाणाऱ्या 'शकुंतले'च्या वाफेच्या इंजिनाची शिटी हवी होती. ते इंजिन 1994 मध्येच निवृत्त झाले. आमच्या घरात या दोन्ही आवाजांची आठवण आहे, पण आवाज कोणाजवळच नाही. फोटो काढून ठेवण्याचे आपल्याला सुचते, आवाज ठेवण्याचे सुचत नाही.

शेवटचा प्रसंग राहिला होता. आपल्याकडे म्हणतात, रात्री कोणी हाक मारली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ देऊ नये. चित्रपटाच्या अखेरीस अंधारातून त्या मुलाला अशी हाक येते. भाच्याने चित्र जोडून तयार केले आणि तुळशीच्या लग्नाच्या रात्री सर्वांना पुन्हा ओसरीवर बसवले. या वेळी कोणी हसले नाही. सोयाबीन खुळखुळली तेव्हा गडी सावरून बसला. आणि मग हाक आली, "ये रे पोरा, अंधार पडला."

ती माझ्या वडिलांची हाक होती. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. नातवाला पाठवलेला त्यांचा एक निरोप त्याच्या मोबाइलमध्ये राहिला होता, तोच त्याने तिथे लावला होता. एवढी जवळची हाक दुसरी कोणाची आणणार, असा त्याचा साधा हिशेब.

आई काही बोलली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. भाचा घाबरून गेला. "आजी, चुकलं माझं. काढून टाकतो."

थोड्या वेळाने आई म्हणाली, "काढ बाबा. ते कोनाले भेव दाखवाले नाही बोलले. तुले घरी बोलवाले बोलले." आणि मग जरा थांबून, "पन पुसू नको. माह्या फोनात टाकून दे."

भाच्याने हाक काढली. तिथे काय घालावे ते दोन दिवस सुचेना, तेव्हा त्याने काहीच घातले नाही. आता चित्रपटाच्या शेवटी सोयाबीनची खुळखुळ एकदम थांबते, तो मुलगा वळून बघतो, आणि ओ देण्यासाठी तोंड उघडतो. आम्हाला काहीच ऐकू येत नाही. त्याने काय ऐकले हे ज्याचे त्यालाच कळते. पाहणारे सांगतात की, साऱ्या चित्रपटात अंगावर काटा येतो तो तिथेच.

आईचे म्हणाल तर ती दिवेलागणीला तुळशीपाशी पणती लावते आणि मग ओट्यावर बसून फोन कानाशी धरते. ती हाक दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही. पण ती दर वेळी हळूच ओ देते, आणि तीनदा ऐकण्याची वाट पाहत नाही.