एसईओ कसे शिकावे? नवशिक्यांसाठी अभ्यासाचा क्रम, मोफत साधने आणि फसवणूक टाळण्याचे उपाय

समजा, तुमच्या मावशीने गुहागरला पर्यटकांसाठी दोन खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. तुम्ही इन्स्टाग्रामवर छानशी रील टाकली. दोन-चार दिवस फोन खणखणला आणि मग सगळे थंड झाले. त्याच वेळी पुण्यातले एखादे कुटुंब गुगलवर "गुहागर घरगुती राहण्याची सोय" असे टाइप करत असते. त्यांना मावशीचे घर दिसत नाही, शेजारच्या गावातले दिसते.

रील बघणाऱ्याला त्या क्षणी खोली हवी असतेच असे नाही. गुगलवर शोधणाऱ्याला मात्र ती हवी असते. अशा माणसापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीला एसईओ म्हणतात. ते शिकण्यासाठी महागडा कोर्स लागत नाही. कुठून सुरुवात करायची, कोणती साधने वापरायची आणि कोणापासून सावध राहायचे, ते या लेखात पाहूया.

एसईओ म्हणजे काय?

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. आपली वेबसाइट शोधयंत्राला नीट समजावी आणि योग्य प्रश्न विचारणाऱ्या माणसाला ती दिसावी, यासाठी तिच्यात केलेल्या सुधारणा म्हणजे एसईओ. निकालात "प्रायोजित" असे लिहिलेल्या जागा जाहिरातीच्या असतात. त्यांना पैसे पडतात. त्याखेरीज दिसणाऱ्या नैसर्गिक निकालांत जागा मिळवणे हे एसईओचे काम.

गुगल पाने कशी शोधते?

हे काम तीन टप्प्यांत चालते.

१. क्रॉलिंग: गुगलचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात इंटरनेटवरची पाने वाचतो.
२. इंडेक्सिंग: वाचलेल्या पानात काय आहे ते समजून घेऊन त्याची नोंद केली जाते. प्रत्येक पानाची नोंद होतेच असे नाही.
३. रँकिंग: कोणी काही शोधले की नोंदीतून सर्वांत उपयोगी वाटणारी पाने क्रमाने दाखवली जातात.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी स्थापन केली. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून लिंक येतात यावरून त्याचे महत्त्व ठरवायचे, ही त्यांची मूळ कल्पना होती. तिला "पेजरँक" म्हणतात. आज क्रम ठरवताना इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण लिंकचे महत्त्व संपलेले नाही.

नवशिक्याने आधी काय शिकावे?

*शोधणाऱ्याचा हेतू.* "गुहागर कसे जावे" असे शोधणाऱ्याला माहिती हवी आहे. "गुहागर खोली भाडे" असे शोधणाऱ्याला खोली ठरवायची आहे. पहिल्याला रस्ता आणि बसगाड्या सांगणारे पान लागेल. दुसऱ्याला दर, फोटो आणि फोन नंबर लागेल. एकाच पानात सगळे कोंबले तर दोघेही परत जातात.

*पानाचे शीर्षक.* "मुख्यपृष्ठ" या शीर्षकातून कोणालाच काही कळत नाही. "गुहागर समुद्रकिनाऱ्याजवळ घरगुती मुक्काम आणि जेवण" यातून सगळे कळते. प्रत्येक पानाला वेगळे आणि खरे शीर्षक द्या. निकालात त्याखाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनासाठी मेटा डिस्क्रिप्शन लिहितात. गुगल ते कधी वापरते, कधी पानावरचा दुसरा मजकूर उचलते.

*अंतर्गत लिंक.* आपल्याच एका पानावरून दुसऱ्या पानाकडे लिंक द्या. "इथे क्लिक करा" असे लिहिण्यापेक्षा "जेवणाचे दर पहा" असे लिहिले तर वाचकालाही कळते आणि गुगललाही.

*वेग आणि मोबाइल.* गुगल मुख्यतः वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचते. पानातला सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची शिफारस आहे. पान हळू उघडत असेल तर आधी फोटोंचा आकार तपासा. मोबाइलवर काढलेले मोठे फोटो जसेच्या तसे चढवणे ही नेहमीची चूक आहे.

मराठी वेबसाइटसाठी खास गोष्टी

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टमुळे डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक अक्षरे असतात. मजकुराचा फोटो काढून चढवला तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. लग्नपत्रिकेसारखी सुंदर जाहिरात टाका, पण तोच मजकूर खाली टाइपही करा.

दुसरे म्हणजे लोक काय टाइप करतात ते पाहा. अनेक जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. कोणी "राहण्याची सोय" लिहितो, कोणी "होमस्टे". हे दोन्ही शब्द पानात सहज येतील असे लिहा. एकच शब्द प्रत्येक ओळीत घुसडला तर वाचक कंटाळतो, आणि असे करणे गुगलच्या नियमांतही बसत नाही.

तिसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. पत्ता देवनागरीत ठेवला तरी चालतो. पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की अनेकदा एकेका अक्षराच्या किंवा मात्रेच्या जागी टक्क्याच्या खुणा असलेली नऊ चिन्हे दिसतात. त्यामुळे पत्ता लांबलचक आणि संशयास्पद वाटतो. बरेच जण म्हणूनच पत्ता छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवतात.

मोफत साधने

- गुगल सर्च कन्सोल: सर्वांत आधी हेच सुरू करा. लोकांनी काय शोधले तेव्हा तुमचे पान दिसले, किती जणांनी क्लिक केले आणि सरासरी क्रमांक किती होता, हे यात कळते. मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी पाहता येते.
- गुगल बिझनेस प्रोफाइल: दुकान, खानावळ, क्लास किंवा मुक्कामाची जागा असेल तर नकाशावर दिसण्यासाठी हे आवश्यक आहे. इथला क्रम विषयाशी जुळणे, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतो. वेबसाइट नसली तरी हे करता येते.
- गुगल ट्रेंड्स: दोन शब्दांपैकी कोणता जास्त शोधला जातो याची तुलना करता येते. यातले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, शोधणाऱ्यांची खरी संख्या नव्हे.
- कीवर्ड प्लॅनर: एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, याचा अंदाज मिळतो. त्यासाठी गुगल ॲड्सचे खाते लागते.
- पेजस्पीड इनसाइट्स: पान किती वेगाने उघडते आणि कुठे अडते, ते सांगते.
- स्क्रीमिंग फ्रॉग: वेबसाइटवरच्या तुटलेल्या लिंक आणि दोनदा आलेली शीर्षके शोधते. मोफत आवृत्तीत ५०० पत्ते तपासता येतात.
- योस्ट किंवा रँक मॅथ: वर्डप्रेस वापरणाऱ्यांसाठी. यांतला हिरवा दिवा म्हणजे गुगलचा शेरा नव्हे, हे लक्षात ठेवा.

शिकायचे कुठून?

पहिले वाचन गुगलच्या "एसईओ स्टार्टर गाइड"चे करा. ते मोफत आहे आणि खुद्द गुगलचे आहे. त्यानंतर मॉझ या कंपनीचे नवशिक्यांसाठीचे मार्गदर्शक आणि हबस्पॉट अकॅडमीचा मोफत कोर्स पाहा. शंका असेल तर "गुगल सर्च सेंट्रल" या यूट्यूब वाहिनीवर शोधा.

महिनाभराचा अभ्यास

पहिला आठवडा: स्टार्टर गाइड वाचा आणि एक छोटी वेबसाइट किंवा ब्लॉग सुरू करा. नुसते वाचून एसईओ येत नाही. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही, तसेच हे आहे.

दुसरा आठवडा: सर्च कन्सोल जोडा. लोक तुम्हाला फोनवर विचारतात ते दहा प्रश्न लिहून काढा. तुमचे पहिले कीवर्ड तेच.

तिसरा आठवडा: त्यांतल्या तीन प्रश्नांवर तीन पाने लिहा. स्वतः काढलेले फोटो, खरे दर आणि स्वतःचा अनुभव द्या.

चौथा आठवडा: वेग, शीर्षके आणि लिंक तपासा. मग थांबा. काही बदलांचा परिणाम काही तासांत दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात.

फसवणूक कशी ओळखाल?

"पंधरा दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी!" असा फोन किंवा मेसेज आला तर तिथेच थांबा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच स्पष्ट सांगितले आहे. पैसे घेऊन नैसर्गिक निकालांत वर आणण्याची सोय गुगलकडे नाही. "आमची गुगलशी ओळख आहे" या बोलण्यालाही भुलू नका.

हजारो लिंक विकत घेण्याची ऑफरही नाकारा. २०१२ मध्ये गुगलने "पेंग्विन" नावाचा बदल आणला तो अशाच बनावट लिंकना आळा घालण्यासाठी. अशा लिंकमुळे वेबसाइट निकालात खाली जाऊ शकते किंवा दिसेनाशीही होऊ शकते. एजन्सी पैसे घेऊन निघून जाते, नुकसान मावशीचे होते.

एखाद्याला काम द्यायचेच असेल तर डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा. सर्च कन्सोलचे मालक तुम्हीच राहा आणि दुसऱ्याला फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. दर महिन्याला काय बदलले, ते लेखी मागा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कोडिंग यावे लागते का?* सुरुवातीला नाही. एचटीएमएलची तोंडओळख असली की पुष्कळ आहे.

*मेटा कीवर्ड भरावेत का?* गरज नाही. वेब शोधाच्या क्रमासाठी आपण ते वापरत नाही, असे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले.

*माझे पान गुगलमध्ये आहे की नाही, कसे कळेल?* सर्च कन्सोलच्या वरच्या चौकटीत पानाचा पत्ता टाका. नोंद झाली आहे का, आणि नसल्यास का नाही, ते तिथे दिसते.

*एआयकडून लेख लिहून घेतले तर चालतील का?* साधन कोणते वापरले यापेक्षा मजकूर उपयोगी आहे का, हे महत्त्वाचे. केवळ क्रमांकासाठी ढिगाने पाने तयार करणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. शिवाय मावशीच्या अंगणातून समुद्र दिसतो की नाही, हे एआयला माहीत नसते. ते तुम्हालाच लिहावे लागेल.

आज एवढेच करा: घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या व्यवसायाचे नाव गुगलवर शोधा. पत्ता, वेळ आणि फोन नंबर बरोबर दिसतो का, ते पाहा. चुकीचा असेल तर दुरुस्त करून द्या. तुमच्या एसईओचा पहिला धडा तिथेच गिरवून होईल.