तणमोर कोणी घालवला?

वऱ्हाडातल्या माळांवरून तणमोर हा पक्षी दिसेनासा का झाला, असे विचारले की बोट आधी फासेपारध्याकडे जाते. फासे लावणारा तो, तित्तर-लावे बाजारात आणणारा तो, मग आरोपीही तोच. अकोला-अमरावतीच्या जमिनीचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना इथली काळी माती दिसली. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. त्याच सुमारास रयतवारी मोजणी झाली. सरकारचे लक्ष नांगराखालच्या जमिनीच्या साऱ्यावर. पवन्या, मारवेल, कुसळीच्या माळाचे मोल त्यापुढे किरकोळ. भारी जमीन कापसाने घेतली, गवत उरले ते मुरमाड उतारांवर आणि गावोगावच्या ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीत. तणमोर पावसाळ्यात विणीला येतो, जमिनीवरच अंडी घालतो. नर गवतावर उड्या मारून मादीला बोलावतो, दिवसातून शेकडो वेळा. अशा पक्ष्याला झाड देऊन चालत नाही, त्याला माळच लागतो.

पारध्यांनी तणमोर मारला नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण फासा जुना आहे, आणि त्याच्यासोबत पक्षीही पिढ्यान्‌पिढ्या टिकला होता. शिवाय ऐन विणीत उडी मारणारा नर बंदुकीला सोपा, म्हणून साहेबांच्या शिकारीत त्याला मानाचे स्थान होते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांचा शिक्का बसला तो मात्र पारध्यांवर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकऱ्याने पोट भरायचे की पक्षी राखायचे? पण तणमोराचे शेतीशी मुळात वैर नाही. माळाला लागून असलेल्या उभ्या पिकातही तो वावरतो, कधी घरटेही करतो. अडचण होते ती धुऱ्याचे गवतही न ठेवणाऱ्या, तणनाशकावर चालणाऱ्या सलग सोयाबीनची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने तणमोराला पहिल्या अनुसूचीत घातले. २०२१ पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. हा कायदा शिकाऱ्याचा हात धरतो, पण ई-क्लास माळावर अतिक्रमण झाले किंवा वृक्षारोपणाचे खड्डे पडले तर त्याचा तिथे फारसा उपयोग होत नाही. (हिरवे म्हणजे झाड, ही समजूत माळाला फार महागात पडली.) मेळघाटाच्या जंगलाला १९७०च्या दशकातच व्याघ्र प्रकल्पाचे छत्र मिळाले, आणि १८८४ नंतर हरवलेला, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा आज मेळघाटाच्या सागवनात नांदतो. माळाला असे छत्र नाही. अकोला-वाशीम पट्ट्यात ‘संवेदना’ संस्थेने माळ राखायला फासेपारध्यांनाच सोबत घेतले. कोणत्या गवतात पाखरू बसते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?