रक्ताची बाटली आणि माणसाचे नाव

परवा मी एका प्रयोगशाळेत रिपोर्ट आणायला गेलो होतो. खिडकीपलीकडच्या मुलाने माझ्या पुढच्या बाईंचे नाव पुकारले आणि त्याच सुरात विचारले, "तुमची शुगरची ना? का ती काविळीची?" रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी कागद पदराखाली घेतला आणि त्या झपाझप निघून गेल्या. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता एवढेच. पण मला गोव्यातली १९८९ सालची हकीकत आठवली.

डॉमिनिक डिसोझा हा बार्देशातला तरुण. नेमाने रक्तदान करणारा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यावर बोलावणे आले. तिथून त्याला रुग्णालयात नेले आणि पुढे क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवले. गुन्हा काहीच नव्हता. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. आपल्या रक्तात काय सापडले, हे कोणी जवळ बसवून सांगण्याआधीच ते पोलिसांना ठाऊक झाले होते! गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने अशा माणसाला वेगळे ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती. डॉमिनिक तिथे ६४ दिवस होता.

त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. अंतरिम आदेशाने मुलगा घरी आला, पण अंतिम निकालात न्यायालयाने सरकारचा तो अधिकार ग्राह्य धरला. तोवर गाव, शेजारी, ओळखीपाळखीचे, सगळ्यांना सगळे कळले होते. १९९२ मध्ये डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

आता कोणी म्हणेल, रक्त तपासायला नको होते काय? तपासायलाच हवे होते. ती बाटली दुसऱ्या कोणाला चढणार होती, ती बाजूला काढणे हे रक्तपेढीचे कर्तव्यच. पण बाटली बाजूला काढण्यासाठी माणसाला कोंडावे लागत नाही. डॉमिनिकने संमती दिली होती ती रक्त देण्याला. त्या रक्तातून निघालेली गोष्ट नाव-पत्त्यासह ठाण्यावर जाण्याला नव्हे. शिवाय तपासणीच्या वाटेवर पोलीस उभा दिसला, तर दुसरा माणूस त्या वाटेला येईल कशाला? तो आजार लपवील. मग ज्या लोकांच्या रक्षणासाठी हे केले, त्यांचाच धोका वाढतो.

वैद्याने रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, हा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. म्हणजे विचार आपल्याला नवा नाही. अडचण अशी की चरकाच्या काळी गोष्ट एका वैद्याला कळत असे. आज ती रक्त काढणारा, नळीवर चिठ्ठी चिकटवणारा, यंत्रावर बसणारा, टंकलेखन करणारा आणि खिडकीवरचा मुलगा, इतक्या हातांतून जाते.

न्यायालयांनाही ही वाट हळूहळूच सापडली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या बाबतीत सांगितले, की काम करण्यास समर्थ असलेल्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या खटल्यात त्याचे नावही झाकून ठेवले गेले. एका डॉक्टरचा रक्ताचा अहवाल रुग्णालयातून बाहेर गेला होता आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला दोष दिला नाही, कारण नियोजित वधूच्या जिवाचा प्रश्न होता. त्याबरोबर लग्नाच्या हक्काविषयी जे कठोर उद्गार निघाले, ते अनावश्यक होते असे याच न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले.

या ओढाताणीचे उत्तर २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यात दिसते. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही, हा नियम. दान केलेल्या रक्ताची तपासणी आणि नावाशी न जोडलेली पाहणी, असे मोजके अपवाद. जोडीदाराला सांगण्याचीही सोय आहे. पण धोका खरोखर मोठा असेल, रुग्णाला समजावूनही तो स्वतः सांगत नसेल आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवले असेल, तरच.

हा कायदा एचआयव्हीपुरता आहे. काविळीच्या, क्षयाच्या, गर्भाच्या चाचणीचा कागद आजही खिडकीतून सर्वांदेखत पुढे येतो. आपण तरी एक करावे. रिपोर्ट घेताना "जरा हळू बोला" असे म्हणावे, आणि रांगेत दुसऱ्याचे नाव पुकारले गेले, तर मान वळवू नये.