वेबर-ख्रिश्चन: एका नावाने झाकलेले आजार

आजचा भाग त्वचेखालच्या चरबीवर आहे. वजन कमी करण्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. या चरबीला दाह होऊन दुखऱ्या, लालसर गाठी येतात, त्याला पॅनिक्युलायटिस म्हणतात. त्याचे काही प्रकार अगदी दुर्मिळ आहेत. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आमच्याकडे बग नोंदवताना ‘इतर’ नावाचा एक रकाना असतो. तिथे टाकलेल्या बगकडे पुन्हा कोणी बघत नाही. वैद्यकातही असा एक रकाना होता, आणि त्याला दोन मोठ्या डॉक्टरांची नावं होती.

१८९२ मध्ये फायफर नावाच्या जर्मन डॉक्टरने असा एक रुग्ण नोंदवला. पुढे १९२५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी त्याला लांबलचक नाव दिलं. अर्थ असा, की पुन्हा पुन्हा येणारा, पू न होणारा, गाठींचा पॅनिक्युलायटिस. हे वेबर म्हणजे भारी प्रकरण होतं. हजाराहून जास्त लेख, जुनी नाणी जमवायचा नाद, आणि दुर्मिळ आजारांचा चालताबोलता कोश. एका सभेत ते म्हणाले, ‘हा आजार मी कधी ऐकला नाही,’ आणि सभागृहात खळबळ उडाली, असा किस्सा सांगतात. १९२८ मध्ये बोस्टनच्या हेन्री ख्रिश्चन यांनी त्यात तापाची भर घातली. झालं, ‘वेबर-ख्रिश्चन’ आजार तयार!

पण वेबर यांनी फक्त वर्णन केलं होतं. गाठी येतात, पू होत नाही, पुन्हा येतात. कारण काहीच नाही. तरी पुढच्या डॉक्टरांनी ते निदान म्हणून वापरलं.

यात सगळा दोष त्यांचा नाही, बरं का. चरबी हा विचित्र अवयव आहे. इजा कशानेही होवो, तिच्याकडे उत्तरं मोजकीच. आधी पांढऱ्या पेशी येतात, मग मॅक्रोफेज मेलेली चरबी खाऊन फुगतात, शेवटी व्रण उरतो. म्हणजे एकाच गाठीचा तुकडा आज काढला आणि तीन आठवड्यांनी काढला, तर दोन वेगळे आजार वाटतील. त्यात वरवरचा तुकडा घेतला, तर चरबी हाती लागतच नाही.

आणि कारणं आधीपासून समोर येत होती. १८८३ मध्येच हान्स कियारी यांनी स्वादुपिंडाचा आजार आणि त्वचेखालची मेलेली चरबी यांची सांगड घातली होती. स्वादुपिंडाची पाचक रसायनं रक्तात उतरतात आणि दूर पायातली चरबीसुद्धा पचवतात. पायावरची गाठ कधी कधी पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण असते. तिला ‘वेबर-ख्रिश्चन’ म्हटलं, की पोट तपासायचं कोणाला सुचणार?

मला सगळ्यात जास्त भिडली ती स्वीडनची गोष्ट. १९६३ मध्ये लॉरेल आणि एरिक्सन हे दोघे रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या बघत होते. काही नमुन्यांत एक पट्टी जवळजवळ गायबच! ते प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. यकृतात बनतं आणि पांढऱ्या पेशींच्या एन्झाइमला लगाम घालतं. ते नसेल तर फुप्फुसं झिजतात. १९७२ मध्ये याच कमतरतेचा पॅनिक्युलायटिसशी संबंध नोंदवला गेला. लगाम नसल्यामुळे एन्झाइम चरबीचा आधार खातं, गाठी फुटतात, तेलकट पाणी वाहतं.

आता नावाने काय फरक पडतो ते बघा. अशी जखम कापून साफ केली तर ती आणखी चिघळू शकते. उलट कमी पडलेलं प्रथिन शिरेतून दिलं तर बऱ्याच रुग्णांना चांगला गुण येतो. ते औषध महागडं. पण डॅप्सोनही चालतं. हो, तेच डॅप्सोन, आपल्याकडे कुष्ठरोगाची गोळी म्हणून माहीत असलेलं, स्वस्तातलं! म्हणजे उपाय कपाटातच असू शकतो. फक्त रक्ताची एक तपासणी सांगायला हवी, आणि ‘वेबर-ख्रिश्चन’ लिहून फाइल बंद केली की ती सांगितली जात नाही.

१९९८ मध्ये व्हाइट आणि विंकलमन यांनी हे निदान मिळालेले ३० रुग्ण पुन्हा तपासले. जवळजवळ सगळ्यांना दुसरंच नाव मिळालं. सर्वाधिक निघाले एरिथेमा नोडोसमचे, म्हणजे तुलनेने साध्या आजाराचे. काहींना शिरेत गुठळी होती, काहींनी स्वतःच स्वतःला इजा केली होती, आणि काही चक्क कॅन्सर निघाले. हे शेवटचं वाचताना मी थांबलो. त्या रुग्णांच्या फाइलवर आधी काय लिहिलं होतं?

आज बरेच त्वचारोगतज्ज्ञ हे नाव वापरायचं टाळतात. पण आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीत ते अजून आहे. कोड एम ३५.६. जुना कोड काढून टाकणं किती अवघड असतं, ते माझ्या टीमला विचारा!