पाच तज्ज्ञ, १२५६ माणसे आणि क्षयाची सावली

१/ दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेपुढे एक प्रश्न उभा राहिला. परतणाऱ्या लाखो सैनिकांपैकी क्षयरोगी कोण, हे छातीच्या एक्स-रेवरून शोधायचे होते. निसटलेला रुग्ण स्वतः खंगणार आणि घरादारालाही रोग देणार. निरोगी माणसावर चुकून शिक्का बसला, तर त्याच्या कपाळी विनाकारण सॅनेटोरियम.

२/ १४ बाय १७ इंचांची मोठी फिल्म महाग, ३५ मिलिमीटरची चिमुकली फिल्म स्वस्त. पण स्वस्तात रोग निसटला तर? म्हणून १२५६ माणसांचे एक्स-रे चार निरनिराळ्या पद्धतींनी काढण्यात आले. पाच तज्ज्ञांनी ते स्वतंत्रपणे वाचले.

३/ १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि तो अनपेक्षित होता. पद्धतींमधला फरक किरकोळ, तज्ज्ञांमधला मात्र मोठा! दोषी ठरलेल्या फिल्मपैकी सुमारे एक तृतीयांश फिल्मबाबत दोन तज्ज्ञांचे एकमत होत नसे. त्याहून बोचरी गोष्ट अशी, की तीच फिल्म पुन्हा वाचताना सुमारे एक पंचमांश वेळा तज्ज्ञाचे स्वतःशीच पटत नसे. यंत्रे तपासायला निघालेल्यांनी नकळत डॉक्टरांनाच तपासले होते.

४/ या अभ्यासातील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी त्याच वर्षी चाचणीचे मोल दोन आकड्यांत मांडले. खऱ्या रुग्णांपैकी किती सापडले, ती संवेदनशीलता. खऱ्या निरोगींपैकी किती जणांना निरोगी म्हटले, ती विशिष्टता. एका आकड्याने का भागत नाही? शंभरांत दोघेच रोगी असतील, तर डोळे मिटून सर्वांना निरोगी म्हणणाराही ९८ टक्के अचूक ठरतो. रुग्ण मात्र एकही सापडलेला नसतो.

५/ कथेचा खरा रंजक भाग पुढेच आहे. युद्धकाळात रडारशी संबंधित प्रयोगशाळेत काम केलेले क्ष-किरणतज्ज्ञ ली लस्टेड यांनी १९६० साली क्ष-किरण वाचनांची ही आकडेवारी आलेखावर मांडली. ज्याच्या हातून रुग्ण कमी निसटत, तो निरोगींना अधिक वेळा रोगी ठरवी. सगळे बिंदू जवळपास एकाच वक्ररेषेवर! म्हणजे तज्ज्ञांची नजर बरीचशी सारखीच होती. संशयाची पातळी तेवढी निराळी होती. रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमान की पक्षी, हे ठरवणाऱ्याचीही हीच अडचण असे.

६/ तेव्हापासून दोन चाचण्यांची तुलना करताना सुटे बिंदू बाजूला ठेवून अख्ख्या वक्ररेषा शेजारी शेजारी मांडण्याची रीत वैद्यकात रुजत गेली. ‘रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक’ या तिच्या नावात रडारचा तो ‘रिसीव्हर’ आजही टिकून आहे.