बाहुली, हंसूं आणि शुभवार्ता



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या वाडवडिलांच्या श्रमांची हकीकत येईल, ख्रिस्तमंदिराच्या बांधणीचा वृत्तांत येईल. त्या पंक्तींत एका चिंध्यांच्या बाहुलीस पाट कां मांडावा, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत उभा राहील, आणि तो रास्तच आहे. आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणांत कांहीं वर्षांपासून ती बाहुली बोलते आणि मुलें हंसतात. एका वृद्ध भाविकांनीं आम्हांस विचारलें, "फादर, देवाच्या घरांत हा खेळ कशाला?" त्या वेळीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करितों.

प्रथम ख्रिस्तसभेचा इतिहास पाहूं. इटलींतील ग्रेच्चो गांवीं १२२३ च्या नाताळांत असिसीच्या संत फ्रान्सिसनें खरा बैल, खरें गाढव आणि गवतानें भरलेली गव्हाणी मांडून अडाणी गांवकऱ्यांना बेथलेहेम डोळ्यांनीं दाखविलें. पुढें मूर्तींच्या गव्हाणी होऊं लागल्या, आणि पूर्व युरोपांत त्या मूर्तींची जागा काठ्यांवर हालणाऱ्या बाहुल्यांनीं घेतली. युक्रेनमध्यें या खेळास 'वेर्तेप' म्हणतात. वेर्तेप म्हणजे गुहा. त्याची पेटी दोन माळ्यांची असते. वरच्या माळ्यावर बाळ येशू, पवित्र मारिया व योसेफ. खालच्या माळ्यावर हेरोद राजाचा दरबार आणि गांवगाड्यांतील थट्टामस्करी. हंसूं खालीं, वंदन वर; परंतु पेटी एकच. पोलंडमधील अशाच खेळांत मात्र थट्टेचा जोर इतका वाढला कीं अठराव्या शतकांत तेथील धर्माधिकाऱ्यांना ते ख्रिस्तमंदिराबाहेर काढावे लागले. त्या वृद्धांची शंका म्हणजे नवी नव्हे. ती तीनशें वर्षांची आहे.

आपल्या भूमीसही बाहुली परकी नाहीं. पैठणनजीकच्या आपेगांवीं जन्मलेल्या ज्ञानेश्वरांनीं १२९० सालच्या आपल्या ग्रंथांत सूत्रानें हालणाऱ्या बाहुल्याचा दृष्टांत योजिला आहे. सिंधुदुर्गांतील पिंगुळी येथील ठाकर मंडळींनीं कळसूत्री बाहुल्यांची कला आजवर राखिली आहे. पैठणच्या एकनाथांनीं तर भारुडांतून लोकांना पोट धरून हंसविलें आणि हंसतां हंसतां अंतर्मुख केलें. मराठी माणसाला हंसूं आणि भक्ति यांत वैर वाटत नाहीं, हें ओळखूनच रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं कीर्तनाचा साज ख्रिस्तकथेवर चढविला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असले तरी या बाबतींत ते आपणां सर्वांचे गुरु होत.

मराठवाड्यांत आपली श्रद्धा ज्यांनीं आणिली, त्यांच्या परंपरेंतही याला आधार आहे. १८९२ सालीं तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांतील घोगरगांवीं फादर मारियन थॉमस यांनीं कार्यास आरंभ केला. ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांच्या नांवानें चालणाऱ्या मिशनरी संघाचे होते. पुढें १९७७ सालीं औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला आणि नांदेड व लातूर हा आपला मुलूख त्यांत आला. या संतांची एक कथा सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. ते बिशप असतां त्यांना मार्टिन नांवाचा एक बहिरा व मुका तरुण भेटला. शब्द त्याच्यापर्यंत पोहोंचत नव्हते. म्हणून बिशपांनीं हातवाऱ्यांनीं त्याला धर्मशिक्षण दिलें व पवित्र ख्रिस्तशरीर घेण्यास सिद्ध केलें. ज्याच्याशीं बोलावयाचें, त्याची भाषा आपण शिकावी, हा त्यांचा धडा. याच संतांचें नांव आपल्या संघास देणारे संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) लहानपणीं कसरती व हातचलाखी दाखवून मुलें जमवीत, आणि खेळाचें तिकीट म्हणून प्रार्थना मागत.

आतां आमच्याकडील स्थिति पाहा. नांदेडहून लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर या वाटेनें लातूरपर्यंत आमचीं कुटुंबें विखुरलेलीं आहेत. दिवाळी सरली कीं कित्येक घरें ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. लेकरांची शाळा तुटते, धर्मशिक्षणही तुटतें. माळेगांवच्या यात्रेंत तमाशाचे फड पाहिलेल्या मुलांपुढें आमचें प्रवचन फिकें पडे. म्हणून आम्हीं जुन्या पायमोज्याची एक बाहुली केली. हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगतांना तिनें आम्हांलाच विचारलें, "फादर, एका मेंढरापायीं नव्व्याण्णव रानांत सोडलीं, आन् लांडगा आला मंग?" मुलें खदखदलीं. एवढ्यांत मागून एक मेंढपाळाचा मुलगा उठून म्हणाला, "त्यानं कुत्रं ठिवलं असंल. पर गेला त्यो, जायाच लागतंय." सेमिनरींत वर्षानुवर्षें शिकलेल्या आम्हांस त्या दाखल्याचा इतका सरळ अर्थ कोणीं सांगितला नव्हता.

परंतु या यशानें आम्ही भुललों. एका रविवारीं अधिक हंसूं यावें म्हणून आम्हीं बाहुलीला अडखळत बोलावयास लाविलें. हंसूं आलें. पुढील रविवारीं एक मुलगा आला नाहीं. त्याच्या पुढीलही रविवारीं नाहीं. आम्ही घरीं गेलों तेव्हां त्याची आई चुलीपासून न उठतां म्हणाली, "माझं लेकरू अडखळून बोलतंय, ते देवानं दिलंय. त्याला हसायचं मात्र देवळात शिकवलं, फादर." आम्हीं तिची व त्या मुलाची क्षमा मागितली. उपवासकाळाच्या सुमारास तो पुन्हां येऊं लागला आणि शेवटच्या रांगेंत बसूं लागला. त्याला खेळांत ओढण्याची घाई आम्हीं केली नाहीं.

त्या दिवसांत आम्हांला अर्धवटराव आठवला. यशवंत पाध्ये यांनीं पुढें आणिलेली आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनीं १९६७ पासून रंगभूमीवर खेळविलेली ही बोलकी बाहुली उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अर्धवटराव उद्धट खरा. परंतु त्याचा पहिला बाण आपल्या धन्यावर असतो. धनी हरतो, बाहुली जिंकते, आणि प्रेक्षक निर्धास्त हंसतात. आमची चूक येथेंच होती. आम्हीं बाण मंचावरून खालीं सोडिला होता.

त्यानंतर आम्हीं दोन नियम केले. एक, वेर्तेपच्या पेटीचा: पवित्र मिस्सा, साक्रामेंतें व प्रभूचें दुःखसहन हा वरचा माळा, तेथें बाहुली जाणार नाहीं. दुसरा, अर्धवटरावाचा: बाहुली हंसेल ती फक्त फादरला, त्याच्या विसरभोळेपणाला, लांबलेल्या प्रवचनाला, बंद पडणाऱ्या मोटारसायकलीला.

ज्या वृद्ध भाविकांनीं प्रश्न विचारला होता, त्यांना हें उत्तर पुरें वाटेल कीं नाहीं, हें तेच सांगतील. बाहुलीला स्वतःचा आवाज नसतो. हात काढून घेतला कीं ती नुसता पायमोजा. धर्मगुरूचेंही तसेंच आहे. ज्याच्या हातानें आम्ही हालतों, त्याचाच आवाज आमच्या मुखांतून यावा, आणि त्या आवाजानें कोणतेंही लेकरूं घरीं परत जाऊं नये, एवढेंच मागणें या ज्युबिलीच्या वर्षीं प्रभूच्या चरणीं आम्ही करितों.